बिनमालकीची भुतं : ऑक्टोबर २०२४च्या खेळांच्या नोंदी

पिट्सबर्गमधलं आमचं चित्रपटगृह एका पडद्याचं आहे, तिकिटांवर आणि देणग्यांवर चालतं. काय लावायचं ते स्वयंसेवकांची समिती ठरवते. यंदा हॅलोवीनचे खेळ माझ्याकडे आले. समितीच्या वहीत लिहिलेल्या नोंदी मराठीत नीट मांडून देते आहे.

१२ जून

समितीची बैठक. ऑक्टोबर आला की शहरातला प्रत्येक पडदा तेच ते पाच-सहा भयपट लावतो. स्टुडिओंचे गाजलेले भयपट मोठ्या साखळ्यांनी आधीच धरून ठेवलेले असतात, आमच्या वाट्याला उरलीसुरली तारीख येते. म्हणून मी वेगळं सुचवलं : पाच गुरुवार, पाच चित्रपट, आणि पाचही असे की ज्यांच्यावर अमेरिकेत आज कोणाचाच हक्क (कॉपीराइट) नाही. ३१ तारीख यंदा गुरुवारीच येते. तो शेवटचा खेळ.

'नॉस्फेराटू' १९२२चा आणि 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १९२५चा. इथल्या कायद्याने पंचाण्णव वर्षं उलटली की हक्क संपतो, त्यामुळे ते दोन्ही मोकळे. 'हाउस ऑन हाँटेड हिल' १९५९चा. त्या काळी अठ्ठावीस वर्षांनी हक्काची नोंदणी पुन्हा करावी लागे, ती कोणी केलीच नाही. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' १९६२चा, त्याच्या प्रतींवर हक्काची सूचनाच छापलेली नव्हती. आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८चा, आमच्या पिट्सबर्गचा. त्याचं नाव शेवटच्या घटकेला बदललं. पडद्यावर येणाऱ्या जुन्या नावाच्या पाटीवर हक्काची खूण होती; वितरकाने नवी पाटी केली तेव्हा ती खूण गळली. त्या वेळच्या कायद्यात तेवढ्याने सगळा हक्क गेला.

खजिनदारांनी सरळ विचारलं : जे घरबसल्या फुकट दिसतं त्यासाठी तिकीट काढून कोण येईल? आणि चित्रपट फुकट असेल तर तू चांगल्या प्रतीसाठी पैसे का मागतेस?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं म्हणणं असं की हे चित्रपट फुकट आहेत म्हणूनच कोणी ते नीट पाहिलेले नाहीत. वारस नसलेल्या वाड्यासारखी त्यांची गत झाली. ज्याला जे हवं ते त्याने काढून नेलं. कडा कापलेल्या, आवाज घासलेल्या, प्रतीवरून प्रत काढलेल्या नकला दूरदर्शनवर, कॅसेटवर आणि आता इंटरनेटवर फिरतात. 'तो जुना चित्रपट? पाहिलाय की, भीती नाही वाटत' असं जे म्हणतात, त्यांना मूळ चित्रपट कोणी दाखवलेलाच नाही. आमच्यासारख्या चित्रपटगृहाने हे नाही करायचं तर कोणी करायचं?

मतदान झालं, प्रस्ताव मंजूर. प्रत्येक खेळासाठी वेगळा हिशेब ठेवायचा या अटीवर.

२ जुलै

खजिनदारांना प्रोजेक्टरच्या खोलीत, म्हणजे बूथमध्ये बोलावलं. पडद्यावर 'नॉस्फेराटू'चा एकच प्रसंग दोनदा लावला.

आधी इंटरनेटवरून उतरवलेली फुकट नक्कल. यातलं पिशाच, काउंट ऑरलॉक, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून चालला आहे आणि लख्ख दुपार आहे. भिंतीवर सावल्या पडल्यात, दगड उन्हात चमकताहेत. वर चित्र दुप्पट वेगाने पळतं, त्यामुळे पिशाच तुरुतुरु चालतं. हसूच येतं.

मग जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने २००५-०६मध्ये पुन्हा उभी केलेली प्रत. तोच प्रसंग, तीच चाल, पण सगळं निळं. १९२२मध्ये रात्रीचं चित्रण दिवसा करत आणि फिल्म निळ्या रंगात बुडवून रात्र करत. घरातला दिव्याचा उजेड पिवळा, पहाट गुलाबी. प्रेक्षकाला ती लिपी पाठ होती. रंग धुऊन टाकला की रात्रीचा दिवस होतो. आणि इथे तर सगळी कथाच त्यावर उभी आहे, कारण सूर्यप्रकाशात पिशाच मरतं ही कल्पना याच चित्रपटाने दिली. चित्रपट ज्यावर बेतला त्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. म्हणजे बिनरंगी नकलेत जे पिशाच शेवटी उन्हाने मरायचं, ते आधी अर्धा चित्रपट उन्हातच फिरत असतं!

खजिनदार काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'पैसे किती?'

२३ जुलै

प्रतींचं पक्कं झालं. करार नेहमीचाच : किमान ठरलेली रक्कम किंवा तिकीटविक्रीतला वाटा, यांतलं जे जास्त भरेल ते. चित्रपट मोकळा असला तरी पुनरुद्धारित प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याशी करार करावाच लागतो. नवं संगीत जोडलेलं असेल तर त्याचा हक्क निराळा. 'हाउस ऑन हाँटेड हिल'ची बरी प्रत मिळवायला सगळ्यांत जास्त पत्रव्यवहार झाला.

२० ऑगस्ट

दोन्ही मूकपटांना पियानोची साथ. वादक आमच्याच वस्तीतल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, मूकपटांना साथ करायची त्यांची जुनी आवड. 'नॉस्फेराटू'साठी हान्स एर्डमानने तेव्हा लिहिलेलं संगीत आहे. ते त्यांनी ऐकलं, पण वाजवणार स्वतःचं. मी एकच विनंती केली : प्रेक्षकाला घाबरायची सूचना देऊ नका. दार उघडण्याआधीच खर्जात धडाधडा वाजायला लागलं की दार उघडण्यात काही उरत नाही. ते म्हणाले, 'मी दाराच्या मागून वाजवीन.' या एका वाक्यावर मी निर्धास्त झाले.

१४ सप्टेंबर

सबंध दिवस सभागृहात. अंधाराचं काम.

भयपटाला अंधार लागतो हे कोणीही सांगेल, पण सभागृहात खरा अंधार नसतोच. बाहेर पडण्याच्या दारांवरचे लाल दिवे कायद्याने चालू ठेवावे लागतात आणि ते ठेवलेच पाहिजेत. पण पडद्याशेजारच्या दिव्याची लाली पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर सांडत होती. रंगीत चित्रपटात ते कळत नाही. कृष्णधवल चित्रपटात डावीकडची रात्र तांबूस आणि उजवीकडची काळी दिसते. दिव्याला पडद्याच्या बाजूने काळ्या पत्र्याची पट्टी लावली. दारापाशी उभं राहून खात्री केली, दिवा प्रत्येक खुर्चीवरून दिसतो.

मग उजेड मोजला. डिजिटल प्रोजेक्शनमध्ये पांढऱ्या पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) यायला हवेत. आमच्या प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा वापरून वापरून मंद झाला होता, प्रोजेक्शनिस्टनी नवा घातला. काळा रंग काळा दिसायचा तर पांढरा पुरेसा पांढरा लागतो, हे बूथमध्ये काम केल्याशिवाय कळत नाही.

शेवटी कडेचे काळे पडदे. जुने चित्रपट चौकोनी, आजचे रुंद. चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टे उरले तर नजर तिकडे जाते. काळे पडदे चित्राच्या कडेला अगदी भिडेपर्यंत ओढले.

२८ सप्टेंबर

सांगाड्याची तालीम. 'हाउस ऑन हाँटेड हिल'चा दिग्दर्शक विल्यम कॅसल हा प्रेक्षकांना खुर्चीत स्वस्थ बसू न देणारा माणूस. शेवटाकडे पडद्यावर आम्लाच्या कुंडातून सांगाडा वर येतो, त्याच क्षणी काही चित्रपटगृहांत खराखुरा प्लॅस्टिकचा सांगाडा तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जायचा. या करामतीचं नाव 'इमर्गो'. पोरं त्याच्यावर पॉपकॉर्नचे खोके फेकत.

दुकानातून सांगाडा आणला. बाल्कनीच्या कठड्यापासून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तार, कप्पी, ओढायला नायलॉनची दोरी. हात वर करूनही पोचणार नाही एवढी उंची, आणि सांगाड्याला सुटला तर धरणारी दुसरी दोरी. पहिल्याच फेरीत एक गोष्ट लक्षात आली. तार प्रोजेक्टरच्या झोताच्या वाटेत येत होती, त्यामुळे सांगाडा बूथजवळ असताना त्याची प्रचंड सावली पडद्यावर पडे आणि तो पुढे जाईल तशी ती लहान होत जाई. तार बाजूला घ्यायची का यावर चर्चा झाली. मी म्हटलं, तशीच राहू द्या.

३ ऑक्टोबर : 'नॉस्फेराटू'

अपेक्षेहून बरीच जास्त गर्दी, त्यात तरुण अधिक. या कथेचा नवा चित्रपट नाताळात येतो आहे, त्याच्या जाहिराती पाहून अनेकांना मूळ पाहावंसं वाटलं.

खेळाआधी दोन मिनिटं बोलले. निर्मात्यांनी 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेता, नावं बदलून हा चित्रपट काढला. ब्रॅम स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर कोर्टात गेल्या आणि १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. जर्मनीबाहेर गेलेल्या प्रती वाचल्या, म्हणून आज आपण इथे बसलो आहोत. फ्लॉरेन्सबाईंची बाजू न्यायाची होती, हेही सांगितलं. नवऱ्याच्या पुस्तकावर जगणारी विधवा होती ती.

जिन्यावर सावली चढते तिथे पियानो पूर्ण थांबला. आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी खाकरतंच. इथे तेही नाही.

१० ऑक्टोबर : 'द फँटम ऑफ द ऑपेरा'

या चित्रपटाची प्रत निवडणं सोपं नव्हतं. १९२५ची मूळ जुळणी (संकलन) घरगुती वापराच्या, अरुंद फिल्मच्या १६ मिमी प्रतींतून उरली आहे, चित्र मऊ आणि पुसट. स्वच्छ ३५ मिमी प्रत आहे ती नंतरच्या, बदललेल्या जुळणीची. आम्ही स्वच्छ प्रत घेतली, आणि दुसरी जुळणीही आहे हे पत्रकात लिहिलं.

मुखवटा ओढला जातो तो क्षण मी सभागृहाच्या बाजूला उभी राहून, प्रेक्षकांकडे तोंड करून पाहिला. फँटम झालेला लॉन चेनी ऑर्गन वाजवतो आहे, तोंड आपल्याकडे. नायिका मागून हळूच येते. तिने मुखवटा काढला की तो चेहरा आधी आपल्याला दिसतो, तिला नाही. ती अजून त्याच्या पाठीशी आहे. आपल्याला कळलंय, तिला कळायचंय, आणि मधल्या त्या क्षणात सगळं सभागृह तिच्यासाठी घाबरतं. मग तो वळतो. चेनीने रंगभूषा स्वतः केली होती आणि स्टुडिओने चित्रपट येईपर्यंत तो चेहरा बाहेर कुठे दिसू दिला नव्हता. आज तो चेहरा सगळ्यांना फोटोंतून ठाऊक आहे, तरी पुढच्या तीन रांगा मागे सरकल्या. मला वाटतं ते चेहऱ्यामुळे नाही, त्या क्रमामुळे.

नृत्यसमारंभाचा प्रसंग दोनरंगी टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत चित्रणाच्या जुन्या पद्धतीत आहे. लाल रंग अचानक पडद्यावर आला तेव्हा एक आजोबा मोठ्याने 'अरे वा' या अर्थाचं काहीतरी म्हणाले.

१६ ऑक्टोबर

भित्तिपत्रकांचा उपयोग होईना. निवडणूक तोंडावर आहे आणि पेनसिल्व्हेनियात प्रत्येक खांबावर, प्रत्येक अंगणात उमेदवारांच्या पाट्या आहेत. त्यात आमचा सांगाडा हरवून जातो. कॉफीच्या दुकानांच्या काचा आणि ग्रंथालयाचा फळा एवढ्यावर भर दिला.

१७ ऑक्टोबर : 'हाउस ऑन हाँटेड हिल'

सांगाडा गेला. सावली आली. पोरांनी पॉपकॉर्न फेकले. झाडलोट रात्री उशिरापर्यंत चालली आणि कोणीही कुरकुर केली नाही.

२३ ऑक्टोबर

उद्याच्या 'कार्निव्हल ऑफ सोल्स'ची तालीम. या महिन्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम.

त्याचा दिग्दर्शक हर्क हार्वी हा कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट करणारा माणूस. कॅलिफोर्नियाहून गाडीने परतताना त्याला युटामधल्या खाऱ्या सरोवराकाठी ओसाड पडलेला सॉल्टेअर या जुन्या करमणूक केंद्राचा मंडप दिसला आणि त्यावरून चित्रपट सुचला. सुमारे ३३,००० डॉलरमध्ये केलेला त्याचा हा एकच कथापट. प्रदर्शित झाला तेव्हा कोणी विचारलं नाही, १९८९मध्ये पुन्हा लागला तेव्हा लोकांना उमगला.

त्यात असं आहे की नायिका दुकानात कपडे बदलून बाहेर येते आणि जगाचा आवाज गेलेला असतो. विक्रेती तिच्याकडे पाहत नाही, रस्त्यावरची वर्दळ मुकी. तिची दखल घेणंच जगाने सोडून दिलं आहे. पुढे बागेत झाडापाशी पाखराची चिवचिव कानावर पडते आणि सगळे आवाज परत येतात.

दूरदर्शनवरच्या १६ मिमी नकलांत ही शांतता कधी शांत नव्हतीच, घासलेल्या ध्वनिपट्टीचा खरखराट चालू असायचा. पुनरुद्धारित प्रतीत खरंच काही नाही. तो प्रसंग लावला आणि जे ऐकू आलं ते आमचंच सभागृह. आधी हवा खेळवणारा मोठा पंखा. तो बंद केला तर बाहेरच्या दालनातल्या शीतपेयांच्या फ्रीजची घरघर. ती थांबवली तर पॉपकॉर्नच्या यंत्राचा गरम ठेवणारा दिवा बारीक गुणगुणतो आहे. तोही बंद केला. मग बूथच्या खिडकीतून प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज. तो बंद करता येत नाही, म्हणून खिडकीच्या चौकटीला लोकरीच्या जाड कापडाची गुंडाळी दाबून बसवली. प्रत्येक आवाज गेला की त्याच्याखाली दडलेला दुसरा वर येई. सगळे गेल्यावर आम्ही चौघं रिकाम्या सभागृहात ते दृश्य पाहत बसलो आणि कोणाला बोलावंसं वाटेना. प्रोजेक्शनिस्ट कितीतरी वर्षं या इमारतीत काम करतात. ते म्हणाले, 'ही जागा इतकी गप्प असू शकते हे मला माहीत नव्हतं.'

उद्यासाठी कागद लिहिला : कोणत्या मिनिटाला कोणी काय बंद करायचं आणि केव्हा परत चालू करायचं. पंखा आधी थोडा वेळ जास्त चालवून हवा ताजी करून ठेवायची.

२४ ऑक्टोबर : 'कार्निव्हल ऑफ सोल्स'

पाचांतली सर्वांत कमी गर्दी, आणि माझ्या मते सर्वांत चांगला खेळ. शांतता आली तेव्हा पॉपकॉर्न खाणारे हात खोक्यातच थांबले. चिवचिव ऐकू आली तेव्हा लोकांनी सोडलेला श्वास मला मागच्या भिंतीपाशी ऐकू आला. बाहेर पडताना एका विद्यार्थिनीने विचारलं, हा चित्रपट तिने लॅपटॉपवर पाहिला होता, त्यात हा प्रसंग होता का? होता. शब्दशः हाच होता.

२७ ऑक्टोबर

रविवार. काही स्वयंसेवकांबरोबर एव्हान्स सिटीला जाऊन आलो, पिट्सबर्गच्या उत्तरेला. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची सुरुवात तिथल्या दफनभूमीत होते. चित्रपटात दिसणारं छोटं चॅपल पडायला आलं होतं, चाहत्यांच्या देणग्यांतून ते दुरुस्त झालं. पाडायला काढलेल्या ज्या शेतघरात बहुतेक चित्रण झालं ते मात्र गेलं. दफनभूमी आजही गावाची आहे, ताज्या फुलांच्या कबरी आहेत, म्हणून मोठ्याने बोललो नाही आणि फोटो फक्त चॅपलचे काढले.

३१ ऑक्टोबर : 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'

यंदा दिवाळीही आजच. आमच्यातल्या दोन मराठी कुटुंबांकडे लक्ष्मीपूजन, त्यामुळे दारावरची पाळी आधीच इतरांत वाटून टाकली होती. तरी पूजा आटोपून ती मंडळी आलीच, चकल्यांचा डबा घेऊन. मुलांचं दारोदार गोळ्या मागणं संपेपर्यंत थांबून खेळ रात्री उशिरा ठेवला.

हा चित्रपट या शहराने काढला. जाहिरातपट करणाऱ्या मंडळींनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून दहा जणांनी आधी प्रत्येकी सहाशे डॉलर घातले आणि कंपनीचं नावच 'इमेज टेन' ठेवलं. पुढे खर्च सुमारे १,१४,००० डॉलरवर गेला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. कृष्णधवलमध्ये ते चालून जातं. पहिला खेळ १ ऑक्टोबर १९६८ला इथल्याच फुल्टन थिएटरात झाला. वयानुसार प्रमाणपत्रं द्यायची पद्धत पुढच्या महिन्यात, १ नोव्हेंबरला सुरू झाली, म्हणून सुरुवातीला शनिवारच्या दुपारी लहान मुलं आत सोडली गेली आणि रडत बाहेर आली.

आम्ही लावली ती २०१६ची प्रत, मूळ निगेटिव्हवरून केलेली, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आणि फिल्म फाउंडेशनने. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो तेव्हा हयात होते, त्यांच्या देखरेखीखाली काम झालं. उठून आलेल्या मेलेल्यांपासून वाचायला माणसं एका शेतघरात दडतात; फुकट नकलांत हे घर म्हणजे काळोखातली एक गिचमीड. इथे भिंतीवरच्या कागदाची नक्षी दिसते, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्यांच्या शिरा दिसतात, नायक झालेल्या ड्वेन जोन्सच्या कपाळावरचा घाम दिसतो. घर खरं वाटलं की बाहेर जमलेले ते लोकही खरे वाटतात.

मधे दूरचित्रवाणीचा वार्ताहर पडद्यावर येतो. तो बिल कार्डिल, इथल्या वाहिनीवर शनिवारी रात्री भयपट दाखवणारा, सबंध पिट्सबर्गच्या घरातला माणूस. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटी मात्र चिटपाखरू नाही. ज्या माणसाने रात्रभर सगळ्यांना सांभाळलं त्याला सकाळी बंदूकधारी टोळी भूत समजून गोळी घालते. नायक काळा आहे हे संहितेत लिहिलेलं नव्हतं, चाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरला म्हणून तो आला. पण तयार प्रत गाडीत घालून रोमेरो न्यूयॉर्ककडे निघाले होते तेव्हा रेडिओवर मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. त्यानंतर हा शेवट कोणी नुसती कथा म्हणून पाहूच शकलं नसतं. शेवटची स्थिरचित्रं वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी, ठिपक्याठिपक्यांची. खराब नकलांत सगळाच चित्रपट तसा दिसतो, म्हणून तो बदल कळत नाही. आज कळला. दिवे मी घाईने लावू दिले नाहीत.

एका आजींनी जाताना हात धरला. हा चित्रपट आला तेव्हा त्या शाळेत होत्या, एव्हान्स सिटीच्या बाजूच्या. 'आमच्याकडचे लोक आहेत यात,' म्हणाल्या, 'आज पहिल्यांदा चेहरे ओळखू आले.'

९ नोव्हेंबर

हिशेब समितीपुढे ठेवला. 'कार्निव्हल'ला तूट, बाकी चारांनी ती भरून काढली. चित्रपटांच्या प्रती ज्यांवर आल्या त्या हार्ड डिस्क परत पाठवल्या. सांगाडा बाल्कनीखालच्या खोलीत, कप्पीसकट. दिव्यावरची पत्र्याची पट्टी काढायची नाही असं ठरलं.

खजिनदारांनी पुढचं विचारलं. १९३१चा 'ड्रॅक्युला' आणि त्याच वर्षीचा 'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी २०२७ला मोकळे होतील. 'ड्रॅक्युला' दिवसा इंग्रजीत होई आणि त्याच सेटवर रात्री दुसरे नट, दुसरा दिग्दर्शक घेऊन तोच चित्रपट स्पॅनिशमध्ये. दोन्ही एकाच संध्याकाळी लावायचे, आधी दिवसाचा, मग रात्रीचा. प्रतींची चौकशी आत्तापासून सुरू करते.